दाराखालचे जोडे

जावेच्या चिंध्या उघड्यावर आणल्या तर चंद्रभागाबाईला काय मिळणार होतं, ते आधी पाहून घेऊ. तिनंही आधी तेच पाहिलं होतं.

पहिली मिळकत किल्ली. निंबर्ग्यातल्या त्या माळवदाच्या घरात शेवटची अंधारी खोली बियाण्याची. पुढच्या सालाची ज्वारी, तूर, करडई तिथं राखेत घोळून कणग्यांत भरलेली असायची. बियाला विटाळ लागला तर रान उगवत नाही, असा त्या घराचा पक्का समज. म्हणून जिचं अंगावरचं कायमचं थांबलं असेल तिच्याच कमरेला त्या खोलीची किल्ली. आता बी जिच्या हातात, घर तिच्या हातात. कुठल्या रानात काय पेरायचं, कुणाला उसनं बी द्यायचं, कुणाला तोंडावर नाही म्हणायचं, सगळं तिचं. थोरली जाऊ राजूबाई, थोरल्या दिराच्या, अंकुशरावाच्या माघारी विधवा झालेली, ती किल्ली वाजवत घरभर फिरायची आणि चंद्रभागाबाईला तो आवाज सवतीच्या पैंजणासारखा लागायचा. चंद्रभागाबाईचं स्वतःचंही थांबून दोन संक्रांती लोटल्या होत्या. लायकी पुरी झाली होती. जागा तेवढी भरलेली होती.

दुसरी मिळकत रान. ओढ्याकाठचं काळं रान अंकुशरावाच्या वाट्याचं, आणि राजूबाईच्या मनात मादन हिप्परग्याच्या भावाचा मुलगा दत्तक घ्यायचं होतं. दत्तक आला की रान गेलं. पण वाकडं पाऊल पडलेल्या विधवेचा दत्तक टिकत नाही, असं चंद्रभागाबाईच्या नवऱ्याला, उद्धवरावाला, तालुक्याच्या वकिलानं सांगितलं होतं. तेव्हापासून तो भावजयीच्या पावलांकडे शिकाऱ्यासारखा बघत होता.

तिसरी मिळकत खुद्द उद्धवराव. असली बातमी आणून देणाऱ्या बायकोशी नवरा चार दिवस तरी माणसासारखा बोलतो. चंद्रभागाबाईनं ही मिळकत सगळ्यांत शेवटी धरली होती. जीव मात्र तिथंच गुंतलेला होता.

देणं किती पडेल, ते तिनं धरलंच नाही. तेवढी घाई झाली होती.

झालं होतं असं. परसात कोंबड्या झाकायचं डालगं उन्हात पालथं पडलं होतं. कोंबड्या बाहेर हिंडतायत आणि डालगं पालथं, हे काही सरळ नव्हे. चंद्रभागाबाईनं ते उचललं. खाली धुऊन वाळत घातलेल्या चिंध्या होत्या. कितीही घासलं तरी रक्ताचा पिवळसर डाग राहतोच. बाईमाणसाला तो दुरून ओळखू येतो.

मागून राजूबाईच आली. डालगं उचललेलं बघून तिनं जावेचं मनगट धरलं.

"कुणाला सांगू नगंस गं चंद्रे."

"अक्का, तुमचं थांबून जमाना झाला की. हे काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं ते मला तरी कुठं कळायलंय? दुखत न्हाई, खुपत न्हाई. मधूनच येतंय नि जातंय. आतलं कायतर नासलंय."

"आन तसंच बियाच्या खोलीत जायलाव तुमी?"

राजूबाईनं मान खाली घातली. "पेरणी तोंडावर आलीय. आता किल्ली सोडली तर भावजी इचारतील, कामून सोडली? एवढा तुरीचा पेरा होऊ दे. मग मीच तुझ्या हातात देते. तुझ्या लेकरांची शपथ."

आता बघा. किल्ली मागावीही लागली नसती. पेरा होईतो तोंड मिटून बसायचं, एवढंच काम होतं. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूला चव नसते म्हणतात, आणि चंद्रभागाबाईला तर त्या किल्लीसोबत जावेची मानही वाकलेली हवी होती. तिनं "बरं अक्का" म्हटलं, चिंध्यांतली एक ओच्यात लपवली आणि दुपारची भाकरी वाढताना नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

उद्धवरावानं जेवण पुरं केलं. हात धुतला. मग सोजराबाईला बोलावणं पाठवलं.

सोजराबाई गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलेलं. तिनं राजूबाईला आतल्या खोलीत आडवी केली, पोट चाचपलं, रक्त बघितलं आणि बाहेर येऊन उद्धवरावाच्या तोंडाकडे बघितलं. बाईच्या पोटापेक्षा मालकाच्या तोंडावरचं तिला लवकर वाचता येत असे.

"पोट रिकामं झाल्यावानी वाटायलंय, मालक," ती म्हणाली.

"पाडलंय म्हण की सरळ."

"तुमी म्हणताव तर तसंच आसंल."

कुणाचं, हे शोधायची उद्धवरावाला गरज नव्हती. बियाच्या खोलीत राजूबाईशिवाय एकच माणूस पाऊल टाकत होता: सालगडी रेवणप्पा. गळ्यात लिंग, तोंडात अर्धं कानडी अर्धं मराठी, आणि उजव्या हाताला असा गुण की पंचक्रोशीत नाव. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडायचं काम सोपं दिसतं. पण मूठ जरा सैल पडली तर दाट उगवतं, आवळली तर रान टकलं राहतं. रेवणप्पानं पेरलेलं रान विणलेल्या घोंगडीसारखं दिसायचं. पेरणीआधी राजूबाईसमोर बसून कणगीतलं बी मुठीत घेऊन तो ते पारखायचा. बास, एवढाच काय तो गुन्हा.

सुईण काय बोलली ते राजूबाईला कुणी कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि रेवणप्पा त्या खोलीत तूर पारखत असताना उद्धवराव अंगणात आला. हातात बैलाची पराणी होती. बायकोकडे न बघताच म्हणाला, "दाराची कडी लाव."

चंद्रभागाबाईनं बाहेरच्या दाराची कडी लावली, आणि हात कडीवरच ठेवला. तो हात तिनं पुढचा सगळा वेळ काढला नाही.

पहिला वार रेवणप्पाच्या मांडीत. पराणीचं टोक लोखंडी, बैलाच्या कातड्यासाठी घडवलेलं; माणसाच्या मांडीत ते लोण्यात शिरावं तसं शिरलं. रेवणप्पा "यव्वा!" म्हणून कोसळला. त्याला बिचाऱ्याला वाटलं मालक बियावरून चिडलाय. "मालक, तूर चांगली हाय, कीड न्हाई," असं तो ओरडत राहिला. राजूबाई मधे पडली तशी उद्धवरावानं तिचे केस मुठीला गुंडाळले आणि तिला फरफटत उखळापर्यंत आणली.

"बोल, कुणाचं व्हतं? बोल गं रांडं!"

"भावजी, देवाशपथ... कायबी न्हवतं..."

त्यानं तिचं तोंड उखळाच्या दगडी काठावर आपटलं. पुढचे दोन दात निघून दगडावर पडले. टपकन आवाज आला, तुरीचे दाणे सांडल्यासारखा. ती आडवी झाल्यावर जोडे. उद्धवरावाच्या जोड्यांना टाचेला लोखंडी नाल होते, बैलाच्या खुरांना असतात तसे. चालला की फरशी वाजायची. ते नाल राजूबाईच्या कमरेत, पाठीत, पोटात वाजले. जिथं वाजले तिथं चंद्रकोरी उमटल्या.

रेवणप्पा रांगत दाराकडे निघाला होता. दाराशी चंद्रभागाबाई. त्यानं मान वर करून बघितलं. "अव्वा, कडी काढा," एवढंच म्हणाला. तिच्या बोटांना कडी गार लागली. ती हलली नाही.

मग उद्धवरावानं त्याला मागं ओढलं, उजवा हात उखळात घातला, मनगटावर गुडघा दिला आणि मुसळ उचललं.

शेजारपाजारच्यांनी मागून सांगितलं की पहिला आवाज माणसाचा होता, दुसरा जनावराचा, आणि तिसऱ्या घावाला आवाजच आला नाही. मी त्यात काही घालत नाही.

सगळं निपचित झाल्यावर अंगणात किल्ली पडलेली दिसली. राजूबाईच्या कमरेचा करगोटा तुटला होता. चंद्रभागाबाईनं ती उचलली, पदरानं पुसली आणि कमरेला खोचली. पदर लाल झाला. किल्ली वाजली, पण मनात योजली होती तशी वाजली नाही.

त्या रात्री नवरा खरंच तिच्याशी माणसासारखा बोलला. बोलला म्हणजे जवळ आला. विजयी माणसाला तेवढं लागतंच. आणि सकाळी उठून चंद्रभागाबाई बघते तर लुगड्याला मागं रक्ताचा डाग. रुपयाएवढा. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं.

ती पाण्याची कळशी तशीच सोडून खाली बसली. काल याच डागासाठी याच अंगणात काय झालं ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. उखळाच्या काठावरचं अजून धुवायचं राहिलं होतं. तिनं आधी उखळ धुतलं. मग लुगडं. आणि मनाशी म्हणाली, उष्णता असंल. सब्जा भिजत घातला.

इकडे रेवणप्पाच्या भाऊबंदांनी त्याला बाजेवर घालून पोलिसांच्या नाक्यावर नेलं. हाताचा लगदा बघून तिथल्या फौजदाराच्या, अमीनसाहेबांच्याही तोंडाला पाणी सुटलं, पण ओकारीचं. उद्धवरावाला बोलावणं आलं.

"मारे कायको? वजह बोलो," अमीन म्हणाले.

"साहेब, घराण्याची अब्रू. भावजयीनं त्याचं पोट पाडलंय."

"हमल गिराई बोलते? तो सबूत लाव. गुलबर्ग्याकू जनाना दवाखाना है, डॉक्टरनीकू दिखाव. सच निकला तो वो अंदर, झूट निकला तो तुम अंदर."

उद्धवराव खूश झाला. सोजराबाईनं सांगितलंच होतं, आता डॉक्टरीण सांगेल. त्यानं स्वतः बैल जुंपले. गाडीत कडबा टाकून त्यावर राजूबाईला निजवलं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून चंद्रभागाबाईला चढवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला राजूबाई कण्हत होती, आणि प्रत्येक कण्हण्याला चंद्रभागाबाई पदर मांड्यांखाली ओढून घेत होती. तिला काल पुन्हा दिसलं होतं.

डॉक्टरीण हेमावती बाई तरुण, करड्या डोळ्यांच्या, मराठीला कानडीची किनार. त्यांनी उद्धवरावाला दाराबाहेर उभं केलं. दार कसलं, लाकडी फळी. खाली वीतभर फट. त्या फटीतून नालांचे जोडे दिसत होते.

बाईंनी चकचकीत लोखंडी अवजार कोमट पाण्यात धरलं. "भिऊ नका अक्का. गार लागू नये म्हणून ऊन करायलेय. अंग सैल सोडा." मग अंगावरच्या चंद्रकोरी बघून हात थांबला. "हे कशाचे वळ?"

राजूबाईनं नुसतं दाराच्या फटीकडे बघितलं. हेमावती बाईंनीही बघितलं, आणि कामाला लागल्या.

बराच वेळ दिवा धरून त्या बघत होत्या. एकदा कापसाचा बोळा लावून परत काढला, बोळा लाल. मग चंद्रभागाबाईला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "पोटबिट काही नव्हतं. पिशवी सुकल्या अंजिरासारखी आहे, तिथं कसलं मूल? पण पिशवीच्या तोंडाशी फोड आहे. तुरीच्या दाण्याएवढी. हात लावला की रक्त येतं. वाईट जात आहे तिची. वाढली की आतलं सगळं खाते. पण आत्ता दाण्याएवढीच आहे, बाहेर पसरलेली नाही. तुकडा तपासायला पाठवते. हैदराबादेला मोठ्या दवाखान्यात पिशवी काढली तर ही बाई म्हातारी होऊन मरेल."

"न्हाई काढली तर?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"तर म्हातारी होणार नाही." हात धुता धुता बाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुमचं थांबलंय का?"

"व्हय."

"थांबल्यावर पुन्हा कधी दिसलं? नवरा जवळ आल्यावर ठिपका पडतो? पांढरं जातं, वास येतो?"

दाराबाहेरचा एक जोडा पुढं सरकला. फरशीवर नाल वाजला.

आता इथं चंद्रभागाबाईच्या हातात काय होतं ते नीट बघा. समोर टेबल. टेबलापाशी ऊन केलेलं अवजार आणि हळू बोलणारी बाई. "व्हय" एवढा एक शब्द म्हणायचा, की फोड असेल ती दाण्याएवढी असतानाच सापडणार. आणि दाराखाली जोडे. ते जोडे उखळापाशी काय करतात, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कडीवर तिचाच हात होता ना?

"न्हाई बाई," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली, बाहेर ऐकू जाईल अशी. "माझं सगळं निर्मळ हाय."

"नसेल तरी चढा की. आलाच आहात. दुखायला लागल्यावर सगळ्याच येतात हो. तेव्हा माझ्या हातात काही राहत नाही. हे मेलं आधी दुखतच नाही, म्हणून तर न दुखणाऱ्यांना बघायचं."

"मला कामून बघायलाव? मला काय झालंय?"

टेबलावर पडलेल्या राजूबाईनं मान वळवून जावेकडे बघितलं. सुजलेल्या डोळ्यांतून तिला कितपत दिसलं कुणास ठाऊक.

हेमावती बाई बाहेर गेल्या आणि उद्धवरावाला भर ओसरीत म्हणाल्या, "गर्भ नव्हता. अमीनसाहेबांना तसंच लिहून देते. ते रक्त आजाराचं. तुम्ही यांना मारून इथं आणलंत, म्हणून तो वेळेत सापडला. नाहीतर ही बाई लपवत लपवतच गेली असती. उपकार झाले तुमचे."

उद्धवरावाला हे उपकार फार महागात पडले. अमीनानं त्याला आत बसवलं. पुढे तडजोड झाली आणि सुटला, पण गावानं सोडलं नाही. चावडीवर कुणीतरी हटकून म्हणायचं, "उद्धवराव, आमची म्हातारी लई खोकायलीय. जरा येऊन दोन लाथा घालताव का? बरी व्हईल."

राजूबाईचा भाऊ हणमंतराव तिला हैदराबादेला घेऊन गेला. परत आली ती वाळलेली, पुढचे दात नसलेली, पण चालत आली. दत्तक झाला. अंगणात मधोमध भिंत उभी राहिली, ओढ्याकाठचं रान भिंतीपलीकडं गेलं. रेवणप्पालाही तिनं आपल्याकडं ठेवून घेतलं. उजव्या हाताची मूठ आता मिटत नव्हती, पण डाव्या हातानं तो गाडी हाकायचा. भिंतीअलीकडच्या रानात त्या साली दुसऱ्याच कुणी मूठ धरली. तूर अशी उगवली की उंदरानं कुरतडलेलं लुगडं बरं.

किल्ली चंद्रभागाबाईच्या कमरेला राहिली. घराच्या नियमाप्रमाणे ती त्या खोलीत पाऊल टाकायला नालायक होती, आणि रोज टाकत होती. मधूनच येणारं आता मधूनच थांबायचं. सब्जा झाला, दूर्वांचा रस झाला, आळंदच्या दर्ग्याचा दोरा झाला. नवरा जवळ आला की ती दात आवळायची, आणि नंतर तो झोपायच्या आत लुगडं बदलायची. पुढे पुढे वास येऊ लागला. तिनं बियाच्या खोलीत ऊद जाळायला सुरुवात केली. सकाळी ऊद, दुपारी ऊद. लोक म्हणाले, चंद्रभागाबाई बियाची काय सेवा करते!

मग भिंत ओलांडून राजूबाईच आली. भर दुपारी, सरळ बियाच्या खोलीत.

"एवढा ऊद कामून जाळायलीस गं?"

"बियाला कीड लागती अक्का. तुमी कामून आलाव हिकडं?"

"कीड कशाला लागलीय ते मला नगं शिकवू. दवाखान्यात माझ्या शेजारी निजलेल्या बायकांना ह्योच वास यायचा." राजूबाई पुढं झाली. "कवापास्नं?"

"कशाचं कवापास्नं? भायेर व्हा आधी!"

चंद्रभागाबाईनं हातातलं धान्याचं लोखंडी माप फेकून मारलं. ते राजूबाईच्या कपाळाला लागलं. भुवईवरून रक्ताची धार गालावर आली. पुसलीसुद्धा नाही तिनं. मागं वळली, दार लोटलं आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज झाला तशी चंद्रभागाबाई कणगीला टेकली.

राजूबाईनं तिच्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. खांद्याला धरून तिला भिंतीवर आदळलं. कणगी फुटली, तूर जमिनीवर पसरली आणि दोघी त्यात घसरून पडल्या. म्हाताऱ्या बाया, पण मांजरींसारख्या झोंबल्या. चावल्या, ओरबाडलं, एकमेकींचे केस उपटले. शेवटी राजूबाईनं गुडघ्याखाली दाबून तिच्या लुगड्याचा कासोटा ओढला. बघितलं. आणि तिथंच बसून राहिली.

"कवापास्नं, चंद्रे?"

"तुझ्या दिवसापास्नं." चंद्रभागाबाई पहिल्यांदाच एकेरी बोलली. "तुला मारलं, त्याच्या दुसऱ्या सकाळपास्नं."

"म्हंजी दवाखान्यात डॉक्टरीण इचारत व्हती तवा..."

"व्हतं."

राजूबाईनं पुन्हा हात उगारला. पण तो खाली आला तो जावेच्या डोक्यावर, आणि मग ती अशी रडली, जशी मार खातानाही रडली नव्हती.

गाडी जुंपली ती रेवणप्पानं. गड्याला कुणी काही सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. कडी न काढणाऱ्या बाईला त्यानं एका हातानं आधार देऊन गाडीत चढवलं. उद्धवराव पराणी घेऊन वाटेत उभा राहिला.

"कुठं न्यायलाव माझ्या बायकूला? मला न इचारता?"

राजूबाई गाडीतून खाली उतरली. कपाळावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि पराणीचं टोक धरून आपल्याच छातीला लावलं.

"मारा भावजी. पैल्यांदा मारलंव तवा मी वाचले. ह्या टायमाला चंद्रीला मारा, बघू वाचती का."

तो हलला नाही. पराणीही हलली नाही. मग रेवणप्पानं बैल त्याच्या अंगावरून काढावेत तसे पुढे काढले, आणि उद्धवराव बाजूला झाला. बैलांना माणूस सहसा मोडेपर्यंत मारत नाही, त्यांची गरज असते.

हेमावती बाईंनी फार वेळ लावला नाही. हात धुतले, आणि धुतच राहिल्या. "लिंबाएवढी झालीय. बाजूला पसरलीय, हाडापर्यंत. आता कापता येत नाही." मग एकदम आवाज चढला. "मी विचारलं होतं की नाही? याच खोलीत? त्या दिवशी टेबलावर चढला असतात तर तुम्हीही हिच्यासारख्या चालत घरी गेला असता!"

चंद्रभागाबाई टेबलावरून दाराच्या फटीकडे बघत होती. आज तिथं नुसतं ऊन होतं.

"दाराखाली जोडे व्हते बाई," ती म्हणाली.

पुढच्या पेरणीपर्यंत ती राहिली नाही. शेवटचे महिने वेदनांचे गेले; उद्धवराव ओसरीवर बसून कानांवर हात ठेवायचा, तेवढ्यानं ऐकू यायचं थांबत नव्हतं. मरायच्या आधी तिनं किल्ली राजूबाईच्या हातात दिली. राजूबाईनं ती कमरेला लावली नाही. बियाच्या खोलीबाहेर खिळा ठोकून त्याला टांगली. ज्या बाईला बी लागेल तिनं काढावी, असेल तशा अंगानं. त्या साली तूर उगवली. जशी उगवायची तशीच उगवली.

मग तिनं आपली सून आणि चंद्रभागाबाईच्या सुना एकाच गाडीत बसवल्या आणि गुलबर्ग्याला नेल्या. कुणालाच काही दुखत नव्हतं. नेण्यासारखं काही झालंही नव्हतं, म्हणून तर नेल्या. गावातल्या बायका हसल्या, मग पुढच्या वर्षी त्यांतल्याही दोघीतिघी आल्या, सोजराबाईसुद्धा आली. सोबतीला पुरुष हवा म्हणून उद्धवराव. दवाखान्याच्या दारात राजूबाई म्हणाली, "भावजी, जोडे गाडीतच राहू द्या." आणि तो कडुलिंबाखाली अनवाणी बसून राहिला.

तर फेडलं कुणी? रेवणप्पानं उजवी मूठ दिली; त्याला यात मिळायचं काहीच नव्हतं. राजूबाईनं दोन दात दिले आणि पिशवी, आणि त्या बदल्यात म्हातारपण घेतलं. ज्यानं मुसळ उचललं त्याच्याकडून रान तेवढं गेलं, तेही त्याचं नव्हतंच. तो ऐंशी पार करून अंथरुणात मेला. बाकी उरलेलं सगळं, त्याच्या वाटचंसुद्धा, कडीवर हात ठेवणारीनं भरलं.